सातव्याला आई नव्हती

स्टुडिओत त्यांना सगळे चिरंजीव म्हणत. हे नाव प्रेमाने पडलं की कुचेष्टेने, ते ज्याचं त्याने ठरवावं. तीस वर्षं हा माणूस रोज मरत होता. मारधाडीच्या आणि अंतराळातल्या परदेशी मालिका आपल्या भाषेत करायच्या म्हणजे नायकाला भारदस्त आवाज लागतो, नायिकेला गोड लागतो, खलनायकाला खर्जातला लागतो. पण नायकाच्या एका गोळीत तीन-तीन पहारेकरी आडवे होतात, त्यांनीही काहीतरी ओरडायला नको का? ते ओरडणं चिरंजीवांकडे. त्यांच्या हातात येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असे: पहारेकरी दोन, सैनिक चार, खिडकीतून पडणारा. दिवसात अकरा वेळा मरून हा माणूस सहाच्या सुमाराला घरी चहाला हजर.

आणि मरण्यातही कसब असतं बरं का! गोळी लागली की श्वास आत जातो, बुक्की बसली की बाहेर येतो. उंचावरून पडायचं असेल तर ओरडता ओरडता तोंड हळूहळू माइकपासून वळवायचं, म्हणजे माणूस लांब गेल्यासारखा वाटतो. जेवून मरायचं नाही, कारण पोट गुरगुरतं, आणि मेलेल्याचं पोट गुरगुरत नाही. कडक इस्त्रीचा शर्ट चालत नाही, हातात घड्याळ चालत नाही. चिरंजीव स्वतःच्या पोटात स्वतःच मूठ हाणून घेत आणि मग जो आवाज निघे तो ऐकून रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून अंगठा दाखवी.

मूळ मालिकेत मरणारा नुसता हुंकारतो. चिरंजीवांचं म्हणणं, ते आपल्या भाषेत चालत नाही. नुसतं ‘आह’ केलं तर आपल्या माणसाला वाटतं, याचं पोट बिघडलंय. आपला माणूस मरायला लागला, पडला, भाजला, दारात बोट चेमटलं, तर म्हणतो काय? ‘आई गं!’ तेव्हा पहारेकरी कुठल्याही देशाचा असो, कुठल्याही शतकातला असो, चिरंजीवांच्या तोंडून मरताना तो आईलाच हाक मारी. डबिंग करून घेणाऱ्या बाई, म्हणजे काचेपलीकडे बसून सगळ्यांना हाकणाऱ्या, सुरुवातीला कुरकुरल्या. पुढे त्यांनाही ते पटलं.

या मालिकांवर चिरंजीवांचा राग होता आणि जीवही होता. राग कशाचा, विचारा. ‘अहो, चाळीस जण गोळ्या झाडतात आणि नायकाच्या केसाला धक्का नाही! आम्ही पहारेकरी काय डोळे मिटून नोकरीला लागलो? नायकाच्या पिस्तुलात गोळ्या संपत नाहीत. बॉम्बवर लाल आकडे असतात, म्हणजे कधी पळायचं ते सगळ्यांना कळावं. अंतराळात हवा नाही म्हणतात आणि तिथे स्फोट झाला की घराची तावदानं हादरतात. परग्रहावरचा प्राणी सहा डोळ्यांचा, पण बोलतो अस्खलित आपली भाषा. आणि जो मेला तो मेला. त्याचं नाव नाही, गाव नाही, पुढच्या प्रसंगात नायक त्याला ओलांडून निघून जातो.’ ही शेवटची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज जरा चढत असे. साहजिकच आहे, तो ओलांडलेला बिचारा म्हणजे तेच ना!

पण त्यांच्या बायकोने तिच्या कौटुंबिक मालिकांची बाजू घेतली, की हाच माणूस उसळून उठे. ‘तुमच्या मालिकेत चारशे भाग झाले, एकाने तरी कुणाला माफ केलं का? आमच्या एका यानाची कप्तानबाई दुसऱ्याच भागात सगळ्यांसमोर म्हणते, माझं चुकलं. आमच्यात सोबतचा माणूस संकटात मागे राहिला तर अख्खं यान माघारी वळतं. तुमच्यात शेजारच्या खोलीतली जाऊ मदतीला येत नाही. आणि मुख्य म्हणजे आमचं संपतं! सव्वीस भाग, की खेळ खलास.’

‘तुमच्यात माणसं पटापट मरतात म्हणून संपतं,’ बायको म्हणे. ‘आमच्यात मरतच नाहीत, हीच तर पंचाईत आहे.’

या भांडणात पंच म्हणजे त्यांची आई. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, बोलणं रोखठोक. मुलाने आवाज दिलेली प्रत्येक मालिका म्हातारी आठ वाजता टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून बघायची. ऐकू चांगलं येत होतं तेव्हा पन्नास जणांच्या गलक्यातून ती त्याचा आवाज बरोबर हुडकून काढी. ‘हा बघ, तू मेलास,’ असं म्हणून मागे वळून त्याच्याकडे बघे आणि म्हणे, ‘जा, हात धुऊन घे, पानं वाढलीत.’ तिला मालिकेतली एकच गोष्ट खटकत असे. ‘ही सगळी माणसं दिवसरात्र बंदुका घेऊन हिंडतात. यांची घरी कुणी वाट बघत नाही का रे? एकालाही घरून फोन येत नाही!’ तीस वर्षांत खरंच एकाही पहारेकऱ्याला घरून फोन आला नव्हता.

एकदा, अगदी एकदाच, ती वेगळं बोलली होती. जेवताना म्हणाली, ‘तू जिवंत राहशील असं एखादं काम देत नाहीत का रे तुला? शेवटपर्यंत?’ आणि लगेच पाण्याचं भांडं मागून विषय बदलला. चिरंजीवांच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं.

मग वर्षभरापूर्वी आईचे कान गेले. एकदम नव्हे, हळूहळू. कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, ऐकू आलं की दाबा म्हणाले. तपासणी करणारी मुलगी काचेपलीकडे बसली होती. डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं की नस अशक्त होत चाललीय, कानात यंत्र घातलं तर अजून वर्षभर तरी बोलणं कळेल, पुढचं सांगता येत नाही. चिरंजीवांनी यंत्र घेतलं. बोरीच्या बीएवढी बॅटरी त्यात बसायची. ती बदलायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं, कारण आईला ती दिसतही नसे आणि बोटांत धरताही येत नसे. आणि घरी येता-जाता त्यांच्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला, वर्षाच्या आत आपल्याला एक जगणारं काम मिळायला हवं. तिच्या कानांत आपलं शेवटचं मरण राहून जाऊ नये.

आणि मिळालं की हो! अंतराळातली नवी मालिका आली. एका यानावर कप्तानबाई धरून सहा माणसं आणि सातवा यंत्रमानव. यानावर त्याला ‘सातवा’ म्हणूनच हाक मारत. बाईंनी कागद पुढे टाकला आणि म्हणाल्या, ‘चिरंजीव, हा तुमचा. सव्वीसच्या सव्वीस भाग. मरत नाही, मी शेवट बघितलाय.’

चिरंजीवांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, पण परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा तोंड भरून हसला. घरी येऊन आईसमोर बसले, तिला ओठ नीट दिसतील असा चेहरा धरून हळूहळू म्हणाले, ‘आई, जगणारं काम मिळालं. शेवटपर्यंत.’ तिने दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरले.

सातव्याचं काम एका अर्थाने सोपं होतं. डबिंगमध्ये अर्धी कटकट ओठांची. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या शब्दातही प, ब, म असं काहीतरी यायला हवं, नाहीतर बघणाऱ्याला खोटं वाटतं. सातव्याला ओठ नव्हतेच. तोंडाच्या जागी निळी पट्टी, बोलताना ती उजळायची. त्यामुळे ओठांशी झटापट नाही, मोकळेपणी बोलायचं. आणि बोलणं तरी कसलं! सातवा प्रश्न विचारायचा. तुम्ही झोपता तेव्हा तुमच्या जागी कोण जागं असतं? जो परत येणार नाही त्याची खुर्ची तुम्ही काढून का टाकत नाही? चिरंजीवांना वाटायचं, वा रे पठ्ठ्या, असे प्रश्न आपल्याला कधी कुणी विचारायला दिले नाहीत. मारामारीच्या धबडग्यात एखादी मालिका असं काही विचारून जाते, म्हणूनच तर माणूस तिच्या शंभर चुका पोटात घालतो.

मालिका सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार, रोज आठला. आई खुर्चीत, कानात यंत्र, टीव्हीचा आवाज एवढा मोठा की वरच्या मजल्यावरचे फरशी ठोकायचे. चिरंजीव शेजारच्या स्टुलावर. निळी पट्टी उजळली, की ते टीव्हीकडे न बघता आईकडे बघत. आई मान डोलवी. मध्येच म्हणे, ‘छान बोललास.’ भाग संपला की त्यांच्या पाठीवर हात ठेवी. त्या आठवड्यात त्यांना कशाचा म्हणून राग आला नाही. बायको म्हणाली, ‘तुम्ही असेच बरे दिसता, जिवंत.’

आता चूक सांगायला हवी.

नवव्या भागात यान बंद पडतं. दिवे गेलेले, सगळं सामसूम. सातवा एकटाच त्या लांबच लांब बोळातून चाललाय आणि मागून कुणीतरी त्याच्या खांद्यात गोळी घालतं. मरत नाही, दहाव्या भागात खांदा जोडून घेतो. मूळ मालिकेत तिथे नुसता एक खरखरीत आवाज आहे, बिघडलेल्या यंत्राचा. कागदावरही तसंच लिहिलेलं होतं. पण दिवसातला तो तिसरा भाग, चिरंजीव सकाळपासून उभे, पडद्यावर ओठ बिठ काही नाहीत, नुसतं धाडकन पडणं दिसलं, आणि तीस वर्षांची सवय! मूठ आपोआप पोटात गेली आणि तोंडातून जिवाच्या आकांताने निघालं, ‘आई गं!’

बरं, ते एकटेच चुकले असते तर निभावलं असतं. पण काचेपलीकडे बाई होत्या, रेकॉर्डिंगवाला होता, त्याने तर त्या आवाजावर यंत्राची घरघरसुद्धा चढवली. नंतर दोघांनी तो भाग ऐकून वाहिनीकडे पाठवला. एकाच्याही कानाला खटकलं नाही! चिरंजीवांच्या तोंडून ‘आई गं’ या लोकांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्या लेखी तो शब्दच उरला नव्हता, दार वाजावं तसा रोजचा आवाज झाला होता. दुसऱ्या कुणी ओरडलं असतं तर तिथल्या तिथे पकडलं असतं.

नववा भाग गुरुवारी लागला. चिरंजीव त्या संध्याकाळी नेमके स्टुडिओत होते, दुसऱ्या एका मालिकेत तटबंदीवरून पडायचे सहा सैनिक राहिले होते. घरी आले तर बायको दारातच.

‘अहो, तुमच्या यंत्राला आई कुठून आली? मी आत भांडी आवरत होते, तिथपर्यंत ऐकू आलं.’

चप्पल तशीच पायात ठेवून चिरंजीव भिंतीला टेकले. मग आई कुठे म्हणून बघितलं, तर ती अजून खुर्चीतच होती. टीव्ही बंद, जेवण झालेलं नाही. त्यांना बघून म्हणाली, ‘आलास? बरा आहेस ना?’ हे ती रोजच म्हणते, म्हणून ते ‘हो’ म्हणाले आणि आत गेले.

शुक्रवारी सकाळी वाहिनीकडून बोलावणं. टेबलापलीकडे एक चुणचुणीत बाई, लॅपटॉप उघडलेला. तिने तो तुकडा लावला. सामसूम बोळ, गोळी, ‘आई गं!’ तिने पुन्हा लावला. चिरंजीवांना वाटलं, तिसऱ्यांदा लावला तर आपण इथेच मरू, खरेखुरे.

‘काका,’ ती म्हणाली, ‘सातवा कारखान्यात जुळवलेला आहे. सगळी मालिकाच त्याच्यावर आहे, की ज्याला आईबाप नाहीत, बालपण नाही, तो माणूस होऊ शकतो का. आणि तुम्ही त्याला नवव्या भागात आई देऊन मोकळे. लोक आम्हाला लिहून विचारतायत, याची आई पुढे येणार आहे का?’

डबिंगच्या बाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, चूक सगळ्यांची आहे, मी ऐकून पाठवलंय, काय शिक्षा द्यायची ती मला द्या. बाई तोंडाने फाटक्या, पण माणूस सोन्यासारखा.

‘मूळ कंपनीचा माणूस भाषा कळत नसूनसुद्धा एवढा एक शब्द ओळखून गेला,’ वाहिनीवाली म्हणाली. ‘मला काहीतरी करून दाखवावं लागेल.’ आणि मग चिरंजीवांना विचारलं, ‘तुम्हाला काही म्हणायचंय?’

आता इथे एखाद्याने युक्तिवाद केला असता, की यंत्राला वेदना कळली, म्हणून आई आठवली. चिरंजीवांना ते सुचलं नाही असं नाही. पण सगळ्यांसमोर चूक कबूल करणाऱ्या कप्तानबाईंच्या मालिकेत काम करून त्यांना खोटं बोलवेना. म्हणाले, ‘चुकलं माझं. सवय आहे. मारलं की तेच येतं तोंडात.’

निकाल लागला तो असा. एकोणीस भागांचं रेकॉर्डिंग झालेलं होतं, ते तसेच राहू द्यायचे. नवव्यातली ती जागा यापुढे खरखरीने भरायची. आणि विसाव्यापासून सातव्याला दुसरा आवाज, बातम्या वाचणारा एक गृहस्थ होता त्याचा. चिरंजीव परत पहारेकऱ्यांत.

रस्त्यावर आल्यावर बाई त्यांना म्हणाल्या, ‘आईला सांगून टाका. त्या समजून घेतील.’

‘सांगतो,’ चिरंजीव म्हणाले. आणि सांगितलं नाही.

सांगायचं काय? की तुझ्याच नावाने ओरडलो आणि जगायचं काम घालवून बसलो? रोज आठ वाजता आई खुर्चीत बसत होती. दहावा भाग झाला, बारावा झाला, पंधरावा झाला. ती मान डोलवी, पाठीवर हात ठेवी, आणि तो हात त्यांना जड वाटू लागला. बायको रोज विचारी, सांगितलंत का? हे रोज म्हणत, उद्या. शेवटी ती वैतागली. ‘पहारेकरी होऊन मरताना बरा आवाज फुटतो तुमचा!’

अठराव्या भागाच्या दिवशी चिरंजीवांच्या मनात एक विचार आला आणि त्यांना स्वतःचीच किळस वाटली. विचार असा, की शुक्रवारी विसावा भाग लागायच्या आत आईचे कान पुरते गेले तर बरं. ज्या कानांसाठी वर्षभर जीव टांगणीला लावला, तेच जावेत म्हणून हा मुलगा वाट बघत होता. म्हाताऱ्या आईच्या बाबतीत असं मनात आणणाऱ्याला काय म्हणावं? ते मोरीत गेले आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिले.

पण माणूस एकदा घसरला की घसरतच जातो. शुक्रवारी दुपारी आईने यंत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ‘बॅटरी बघ रे. काल संपल्यासारखी वाटली.’ संपलीच होती. नव्या बॅटऱ्यांचं पाकीट कपाटात होतं, सहापैकी चार शिल्लक. चिरंजीव कपाटापर्यंत गेले. पाकिटाला हात लावला. मग संपलेलीच बॅटरी पुन्हा यंत्रात बसवली, झाकण लावलं, आणि आईच्या कानात ते यंत्र स्वतःच्या हाताने घातलं.

‘झालं?’ तिने विचारलं.

‘झालं,’ ते म्हणाले.

आठ वाजले. विसावा भाग. निळी पट्टी उजळली आणि सातवा बोलायला लागला, तर काय! वाटावं, आता हवामानाचा अंदाज सांगतोय. कप्तानबाई मरणाच्या दारात, आणि हा तिच्या उशाशी बसून ठणठणीत आवाजात पूल खुला झाल्याची बातमी द्यावी तसा बोलतोय. आतून बायकोने कपाळावर हात मारल्याचं चिरंजीवांना दिसलं. त्यांचं स्वतःचं लक्ष नेहमीसारखं आईकडे होतं.

आई मान डोलवत होती.

पट्टी उजळली, की तिची मान हलायची. पट्टी विझली, की थांबायची. मध्येच ती त्यांच्याकडे वळून हसली आणि रोजच्यासारखीच म्हणाली, ‘छान बोललास. आज तर फारच छान.’

चिरंजीव बघतच राहिले. यंत्र बंद. ते त्यांनी स्वतः बंद केलेलं. आवाज तर त्यांचा नव्हताच. मग ही डोलतेय कशावर? कालही अशीच डोलत होती, परवाही, पहिल्या दिवशीही, अगदी अशीच, एक केसभर कमी नाही की जास्त नाही. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं, असं वाटलं.

ते उठले आणि टीव्ही बंद केला. स्टूल ओढून आईच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. ओठ नीट हलवत म्हणाले, ‘आई, तुला ऐकू येतं का?’

‘येतं की.’

‘आई, यंत्रात मी बॅटरी घातलेली नाही. जुनीच घातली. मुद्दाम.’

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने कानातलं यंत्र काढलं, पदराने पुसलं आणि मांडीवर ठेवलं. रागावली म्हणाल तर नाही. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी जराशी हसली.

‘मला काय, चालू काय नि बंद काय. चालू असलं की नुसती खरखर. बंद असलेलं बरं वाटतं कानाला.’

‘कधीपासून?’

‘वर्ष झालं असेल. तू समोर बसून बोलतोस ते तोंड बघून कळतं. तू मेला बोलतोसही स्वच्छ. त्या डॉक्टरकडेसुद्धा मी काचेतून त्या पोरीकडे बघत होते. ती बटण दाबायला खाली बघायची, की मी माझं दाबायची.’ हे सांगताना तिला जरा अभिमानच वाटला. ‘पण तुझ्या त्या यंत्रमानवाला ओठच नाहीत. काय कळणार मला? एक अक्षर कळलं नाही बघ. निळं पेटलं, की तू बोलतोयस एवढं समजायचं.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तू टीव्हीकडे बघत होतास का? माझ्याकडे बघत होतास. एवढ्या आशेने बघतोस, मी काय करणार? डोलावली मान.’

चिरंजीवांना हसू येईना की रडू येईना. वर्षभर ते तिच्यासाठी जगण्याचं काम शोधत होते आणि ती त्यांच्यासाठी ऐकण्याचं काम करत होती. दोघांनीही कामात कसूर केली नव्हती. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. नववा भाग, वाहिनीवाली बाई, बातम्या वाचणारे गृहस्थ. ‘आजचा आवाज माझा नव्हता, आई. मला काढलं. एक शब्द चुकलो म्हणून काढलं. जगणारं काम मिळालं होतं आणि तुझ्या कानावर त्यातला एक शब्दसुद्धा पडला नाही. सगळं फुकट गेलं.’ आणि साठीचा हा माणूस आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला. बायको दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली.

आईने त्यांचं डोकं हातांनी वर केलं, कारण खाली बघून बोलणाऱ्याचं तिला काही कळत नसे. ‘काय म्हणालास? कुठला शब्द चुकलास?’

‘त्या यंत्राला गोळी लागते, आणि मी...’ त्यांच्या तोंडून तो शब्द निघेना.

‘ते होय!’ आई म्हणाली. ‘ते ऐकलं की मी. सगळं कसं गपगार होतं आणि एकदम आलं. वर्षभरात टीव्हीतलं तेवढंच काय ते ऐकू आलं मला. सूनबाई आत होती. मला वाटलं, तू जिन्यात पडलास. दार उघडून खालपर्यंत बघून आले मी.’

‘दोन मजले? एकटी?’

‘मग? हाक मारलीस ना?’ म्हातारीने डोळे मोठे केले. ‘ओ दिली मी. चांगली मोठ्यांदा दिली, जिन्यातून. सगळ्या शेजाऱ्यांना गेली असेल ऐकू. तूच नव्हतास घरी.’